पहिलं आणि शेवटचं कार्ड

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या पलीकडे, खिडकी नसलेली एक खोली होती आणि तिथे गेली एकोणीस वर्षं पट्टीताईचं राज्य होतं. राज्यात प्रजा अशी कोणी नव्हती. कार्डं बनवायचं एक लांबट मशीन, दोन संगणक, कोऱ्या कार्डांची खोकी आणि सतत गार हवा सोडणारा एसी, एवढाच संसार. पण वरच्या सहा मजल्यांवर तिच्या कार्डाशिवाय कुणाचं पान हलत नसे, आणि ही गोष्ट ती दिवसातून एकदा तरी स्वतःशी म्हणून घेई. माणसाला एवढा अभिमान असायला हरकत नाही. त्याहून थोडा जास्त झाला की काय होतं, ते पुढे येईलच.

पट्टीताई हे नाव जुन्या दिवसांतलं. तेव्हा कार्डाच्या पाठीवर फक्त काळी पट्टी असायची. कोणी नवीन माणूस कामावर आला की ती त्याला खाली बोलावून पट्टीवर लोखंडाची बारीक पूड भुरभुरायची आणि कार्डाला हलकीशी टिचकी मारायची. पूड झटकली जायची आणि पट्टीवर उभ्या रेघांची रांग उमटायची. "बघा, हे तुमचं लिखाण," ती म्हणायची. "या काळ्या रंगात न दिसण्याइतकी इवली चुंबकं आहेत. लिहिणारं यंत्र त्यांची तोंडं फिरवतं, काहींची इकडे, काहींची तिकडे. वाचणारं यंत्र फक्त कोणाचं तोंड कुठे फिरलंय ते बघतं." नवीन माणूस तोंडात बोट घालायचा आणि पट्टीताईचा दिवस सार्थकी लागायचा.

मग चिप आली. त्यावरही तिचं भाषण तयार होतं. पट्टी म्हणजे फळ्यावरचं लिखाण, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं, पर्सच्या चुंबकाच्या बटणानं पुसून टाकावं. त्यात मावतो जेमतेम एक नंबर, बाकीचं सगळं संगणकाला विचारावं लागतं. चिप म्हणजे खडूस कारकून. आधी तू कोण ते विचारते, परवाना बघते, मगच खण उघडते. पण त्या खणात माणसाचा रक्तगट, ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं, सगळं असतं. वीज जावो, नेटवर्क जावो, कार्ड हातात आहे तोवर माहिती हातात आहे. "आणि चिप खोटं बोलत नाही," हे शेवटचं वाक्य ती जरा थांबून म्हणायची.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला तातडीच्या विभागातून फोन आला.

"पट्टीताई, गंमत सांगू?" पलीकडच्या सिस्टर हसत होत्या. "एक आजोबा जिन्यावरून पडून आलेत. कार्ड म्हणतंय रक्तगट बी, आजोबा म्हणतात ओ. भांडतायत आमच्याशी. म्हणे, माझं रक्त मला ठाऊक नाही होय?"

"विसरले असतील," पट्टीताई म्हणाली. कार्ड चुकलं असेल असं म्हणायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. "नंबर सांगा बरं."

"बॅच एकतीस, दोनशे चाळीस."

तिनं नंबर टाकला. पडद्यावर आजोबांचा फोटो आला आणि शेजारी ओ. स्वच्छ, गोल, ठसठशीत ओ.

"सिस्टर, हातातलं चिपचं यंत्र राहू द्या. पट्टी ओढून संगणकावर बघा."

थोडा वेळ नुसता खडखडाट ऐकू आला. मग सिस्टर म्हणाल्या, "अगंबाई! इथे ओ दाखवतंय. एकाच कार्डाची दोन तोंडं?"

"रक्त देणार आहात का त्यांना?"

"छे हो, खरचटलंय नुसतं. आणि द्यायचं झालं तरी नमुना जुळवल्याशिवाय कोण देतंय?"

 पट्टीताईची नजर यादीत एक ओळ खाली गेली होती. दोनशे एक्केचाळीस, कोणी एक शिक्षिका, रक्तगट बी. योगायोगही असू शकतो, रक्तगट असतात तरी किती? तिनं फोन ठेवला आणि खालचा ड्रॉवर उघडला. बॅच एकतीसची नऊ कार्डं अजून कोणी न्यायला आलं नव्हतं. तिनं तीनशे पाच नंबरचं उचललं. वर एका दाढीवाल्या माणसाचा चेहरा होता. कार्ड चिप वाचणाऱ्या यंत्रात घातलं आणि चार सेकंदांनी पडद्यावर आलं तीनशे सहाचं नाव. एका बाईचं. तीनशे एकोणसाठवर एका आजींचा चेहरा, पोटात तीनशे साठ नंबरचा पोरगा. मग तिनं एकशे अठ्ठ्याण्णव घातलं. ते बरोबर निघालं. बिघाड कुठे सुरू झाला असेल ते तिला आता बघायचीही गरज नव्हती. तिला आठवत होतं.

दोनशे बारा. तीन आठवड्यांपूर्वीचा दिवस. त्या दिवशी खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीत तिची नणंद बसली होती.

नणंदेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. वन्सं पट्टीताईच्या नवऱ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, लग्न न केलेल्या, टपालखात्यातून निवृत्त. घरातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचं मत असे आणि ते विचारावं लागत नसे. नऊ वर्षांच्या असताना त्यांना कुणीतरी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं आणि त्यांचा श्वास बंद पडला होता. ज्या खोलीत निजवलं होतं तिच्या छतावरचा ओलीचा डाग त्यांना अजून आठवे. तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये पाच घड्या घातलेला एक कागद असायचा, 'मला पेनिसिलिन चालत नाही', आणि तो पुरेसा नाही म्हणून तोंडानं जाहिरातही चालू असायची. डॉक्टर, कंपाउंडर, औषधाचा दुकानदार यांना सांगणं समजू शकतं. वन्सं चष्म्याच्या दुकानातही सांगायच्या. पट्टीताईचा नवरा म्हणायचा, ताईला भुरट्या चोरानं अडवलं तरी ती त्याला आधी पेनिसिलिनचं सांगेल, मग पर्स देईल.

कार्ड करून घ्यायला वन्सं स्वतः तळघरात आल्या होत्या, आणि पट्टीताईनं रांग मोडून त्यांचं नाव बॅच एकतीसमध्ये तीनशे अठ्ठ्याऐंशीवर घुसवलं होतं. एकोणीस वर्षांत सासरचं माणूस पहिल्यांदा तिचं काम बघायला आलं होतं. तिनं लोखंडाची पूड काढली, पट्टीवरच्या रेघा दाखवल्या, मशीनचं झाकण उघडून आतले टप्पे दाखवले. पहिल्या टप्प्यावर चिप लिहिली जाते, दुसऱ्यावर चेहरा आणि नाव छापतात, तिसऱ्यावर पट्टी. वन्सं म्हणाल्या, "एवढ्या थंडीत बसतेस रोज? स्वेटर घालत जा."

आणि नेमकं तेव्हाच मशीन खाकरलं आणि थांबलं. दोनशे बारा नंबरचं कार्ड पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधे तिरकं अडकलं होतं.

अशा वेळी काय करायचं, ते मशीनच्या झाकणावर लाल शाईत लिहून चिकटवलेलं होतं. आतली सगळी कार्डं फेकायची आणि त्या नंबरापासून बॅच नव्यानं सुरू करायची. अक्षर पट्टीताईचंच होतं. कारण चिप लिहिणारा टप्पा आपली यादी घेऊन बसलेला असतो आणि छापणारा आपली. चिपवाल्यानं दोनशे बारा लिहून हातावेगळं केलेलं असतं, तो पुढचं लिहायला घेतो. छापणारा मात्र दोनशे बाराचा चेहरा घेऊन वाट बघत असतो. अडकलेलं कार्ड नुसतं काढून घेतलं, तर तो चेहरा मागून येणाऱ्या कार्डावर बसतो आणि तिथून पुढे प्रत्येकाच्या पोटात शेजाऱ्याची माहिती जाते.

पण सगळं थांबवून पुन्हा सुरू करायचं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं गेली असती. वन्सं भुवया वर करून बघत होत्या. "बंद पडलं वाटतं?" त्या म्हणाल्या.

"छे, हे रोजचंच," पट्टीताई म्हणाली. चिमट्यानं कार्ड काढलं, कात्रीनं कापून टोपलीत टाकलं आणि 'पुढे चालू'चं बटण दाबलं. दोन सेकंदांचं काम.

बॅच संपली. पट्टीताईची रीत अशी की पहिलं आणि शेवटचं कार्ड यंत्रात घालून तपासायचं. पहिलं ठीक निघालं. शेवटच्याची, म्हणजे चारशेव्याची, चिप कोरी निघाली. एक कार्ड कापून टाकलं होतं, त्याच्या बदल्यात एक जादा कोरं मशीननं ओढून घेतलं होतं आणि त्यावर फक्त चेहरा आणि पट्टी आली होती. हिशेब इतका चोख जुळला की तिला शंका यायला जागाच उरली नाही. तिनं ती एक चिप हातानं लिहिली आणि वन्संना म्हणाली, "बघितलंत? एवढंसं चुकलं तरी लगेच कळतं." शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत भांड्याच्या मधलं घ्यावं. तिनं घेतलं ते काठावरचं.

मंगळवारी हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून मिनिटभरात गेलं. दोनशे बारापासून तीनशे नव्व्याण्णवपर्यंत, एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं. रुग्णालयात नोंदणीच्या खिडक्यांवर अजून पट्टीच ओढत होते आणि पट्टी चेहऱ्याला धरून होती, शाखांत कार्डावरचं छापील नाव बघूनच नोंद होई, म्हणून तीन आठवडे कुणाला काही कळलं नाही. चिप वाचायचे ते आतले लोक, डॉक्टर आणि सिस्टर, त्यांच्या हातातल्या छोट्या यंत्रावर. आणि त्या यंत्राला वेळ वाचवायचा म्हणून नाव दाखवायची सोय नव्हती. दोनच ओळी यायच्या. रक्तगट आणि ॲलर्जी.

रक्ताचं तितकं भय नव्हतं, ते तपासून देतात. ॲलर्जी कोण तपासतं? कार्ड 'नाही' म्हणालं की नाही.

ती जिना चढून विभागप्रमुख साहेबांच्या खोलीत गेली. साहेब स्वभावानं वाईट नव्हते, फक्त त्यांना कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय घडली असं वाटत नसे. तिनं सगळं सांगितलं. बटण आपण दाबलं हेही सांगितलं. नणंद समोर बसली होती, हे मात्र सांगितलं नाही.

"किती जणांना माहितीय?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला, मला. आणि तातडीच्या सिस्टरना अर्धवट."

"मग आधी एक टिपण करू. भाषा जरा मवाळ ठेवू. 'काही कार्डांबाबत तांत्रिक स्वरूपाची...'"

"साहेब, टिपण तुम्ही करा. पण आधी सगळ्या विभागांना आणि चारही शाखांना फोन जाऊ द्या. बॅच एकतीसची चिप वाचू नका, पट्टी ओढा, एवढंच सांगायचंय."

"शाखांमध्ये पट्टीची यंत्रं काढून टाकलीत ना आपण? मागच्याच वर्षी. तुम्हीच म्हणालात, चिप आल्यावर पट्टी हवी कशाला."

तिनं हे खरंच म्हटलं होतं.  "मग त्यांना पेशंटला तोंडानं विचारायला सांगा," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता खाली आली. साहेबांनी टिपणाचा मथळा लिहायला घेतला होता.

खाली येऊन तिनं एकशे अठ्ठ्याऐंशी ओळी वरून खाली वाचल्या. ॲलर्जी असलेली, पण खालच्या ओळीवर 'नाही' असलेली माणसं सात निघाली. तिनं त्यांचे नंबर कागदावर लिहिले आणि फोन ओढून घेतला. 

पहिल्या बाईंना सल्फाची ॲलर्जी होती. त्या शांतपणे ऐकून "बरं झालं सांगितलंत" म्हणाल्या. दुसरा फोन एका घड्याळजीच्या दुकानात लागला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येई, तो पुन्हा पुन्हा "कार्ड मिळालं, कार्ड मिळालं, आभारी आहे" म्हणत राहिला आणि शेवटी शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्याला सगळं सांगावं लागलं. तिसरा माणूस भडकला. तुमच्या भरवशावर राहिलो तर एक दिवस आमची तिरडी उठायची, असं म्हणाला. चौथ्याचा फोन बंद, त्याच्या बायकोचा नंबर अर्जावर होता तो लागला. पाचवी मुलगी रडायलाच लागली, तिचं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. सहावा प्रवासात होता, आवाज तुटत होता, पण त्यानं नंबरासकट सगळं परत म्हणून दाखवलं. प्रत्येक फोननंतर ती एक खूण करत होती. पंचावन्न मिनिटं गेली.

सातवा नंबर होता तीनशे अठ्ठ्याऐंशी. वन्सं.

खरं तर यादी करतानाच तिनं तो पाहिला होता आणि मुद्दाम तळाशी ठेवला होता. वन्संची कसली काळजी? अख्ख्या गावाला पाठ झालंय त्यांचं पेनिसिलिन. कार्ड काहीही बोलो, वन्सं गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत, जित्याची खोड. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं, आणि ते तसंच थिजलं.

तो कागद.

त्या दिवशी बॅच संपल्यावर तिनं वन्संचं कार्ड काढून पट्टी ओढली होती. पडद्यावर वन्संचा फोटो आणि लाल अक्षरांत पेनिसिलिन. "एवढं सगळं या काळ्या पट्टीत?" वन्संनी विचारलं. "पट्टीत नुसता तुमचा नंबर. हे संगणकातलं आहे. आणि हेच सगळं या सोनेरी चिपमध्ये." एवढं बोलून ती थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं हात पुढे केला. "आता तो कागद द्या इकडे, वन्सं. आणि आता प्रत्येकाला सांगत फिरू नका. लोक हसतात. कार्ड पुढे करायचं, बस्स. चिप खोटं बोलत नाही." वन्संनी पर्समधून तो पाच घड्यांचा कागद काढला, क्षणभर हातात धरला आणि दिला. पट्टीताईनं तो त्यांच्या देखत चार तुकडे करून टोपलीत टाकला. चिप मात्र घालून बघितली नाही. घालून बघायला चार सेकंद लागले असते.

आणि तेव्हापासून वन्सं खरोखर गप्प झाल्या होत्या. गेल्या रविवारी त्या जेवायला आल्या, चार तास बसल्या, आणि पेनिसिलिनचा एकदाही उल्लेख झाला नाही. नवरा गमतीनं म्हणालाही होता, ताईला बरं नाहीये का गं? दिव्याखाली अंधार असतो, तो असा.

तिनं वन्संचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली. पुन्हा लावला. मग नवऱ्याला.

"अहो, वन्सं कुठेयत?"

"ताई? अगं, दाढ सुजली होती ना तिची, रविवारी नाही का एका बाजूनं जेवत होती? पू झालाय म्हणाली. सकाळी दाखवायला गेलीय."

"कुठे?"

"तुमच्याच की. पुलापाशी शाखा आहे ना, तिथे. कार्ड चालतं म्हणून खूश होती. का गं? आवाज का असा येतोय तुझा?"

शाखेचा फोन लागत नव्हता. साहेबांचं टिपण तिथे पोचलं होतं की नाही, कोण जाणे. पट्टीताईनं दार उघडं टाकलं, जिना चढली आणि रस्त्यावर आल्यावर पळायला लागली. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं पळावं असं ते अंतर नव्हतं, पण गाडी शोधायला थांबणं त्याहून अशक्य होतं. सिग्नलपाशी एक माणूस ओरडला, बाई, मरायचंय का? तिनं ऐकलं नाही. तिच्या डोक्यात फक्त आकडे चालले होते. तीनशे एकोणनव्वद. वय बावीस. रक्तगट ए. ॲलर्जी नाही. नाही. नाही. वन्सं आत्ता कुणापुढे तरी कार्ड धरत असतील आणि तोंड मिटून बसल्या असतील, कारण भावजयीनं सांगितलंय, लोक हसतात.

शाखेच्या पहिल्या मजल्यावरच्या बाकावर वन्संची पर्स एकटीच पडली होती आणि आत फोन थरथरत होता. नवरा लावत असणार. समोरच्या दारापाशी एक चप्पल उलटी पडली होती. फक्त एक. 

आतून दातांचे डॉक्टर बाहेर आले. निवृत्तीला टेकलेले, पांढऱ्या मिशांचे, कपाळावर घाम. "तुम्ही यांच्या कोण?"

"भावजय. पेनिसिलिन दिलंत?"

"थेंबभर," डॉक्टर म्हणाले. "टोचून बघायला, कातडीखाली. कार्डावर काही नव्हतं, पण मी तसंच बघतो. फार वर्षांपूर्वी एकदा पोळलोय, म्हणून ताकही फुंकून पितो. तेवढ्यानंच श्वास कोंडला त्यांचा. ओठ सुजले, खुर्चीतून खाली आल्या. लगेच उलटं औषध दिलं. आता बरंय, पण दिवसभर इथेच राहू द्या." ते थांबले. हातातलं कार्ड त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "मी नीट वाचलं होतं हो. दोनदा वाचलं. 'नाही' असंच होतं. मूळ डोस दिला असता तर..."

पट्टीताई त्यांना ओलांडून आत गेली. 

वन्सं पलंगावर होत्या. चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला, नाकावर ऑक्सिजनची नळी, एक पाय अनवाणी. पट्टीताई स्टुलावर बसली आणि बराच वेळ नुसती त्यांची छाती वरखाली होताना बघत राहिली. एकेक श्वास मोजत होती. इतक्या वर्षांत या बाईचा तिला कंटाळा आला होता, राग आला होता, हसू आलं होतं. या बाईवाचून घर कसं असेल, हा विचार आजवर मनात आला नव्हता. आता तो आला आणि तिला रडू फुटलं.

त्या आवाजानं वन्संनी डोळे उघडले.

"आलीस?" आवाज जाडाभरडा, शब्द सुजलेल्या ओठांत अडखळणारे. "त्या म्हाताऱ्याची तक्रार करायची. लिहून दे मला. म्हणतो कसा, कार्डात काही नाही. मी म्हटलं, नीट बघा, माझ्या भावजयीनं स्वतः केलंय ते. तरी म्हणतो, नाही. मग मी गप्प बसले. म्हटलं, याला वाचता येत नाही, पण कार्डात आहे म्हणजे आहे. आतल्या आत कुठेतरी कळेलच ना त्याला."

दारात डॉक्टर उभे होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण त्यांची मान खाली गेली.

"त्यांना वाचता येतं, वन्सं," पट्टीताई म्हणाली. "त्यांनी बरोबर वाचलं. मी चुकीचं लिहिलं. तुमच्या कार्डात दुसऱ्याच कुणाची तरी माहिती आहे. एकट्या तुमच्या नाही, एकशे अठ्ठ्याऐंशी कार्डांत. सगळी माझ्या हातची. आणि तुमचा कागद मी फाडला. मी चिप घालून बघितलीसुद्धा नाही, आणि तुमचा कागद फाडला."

 वन्सं छताकडे बघत होत्या. तिथे ओलीचा डाग नव्हता, पांढरं स्वच्छ छत होतं, तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या. पट्टीताईला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील ते जन्मभर पुरेल. बोलल्या असत्या तर तिनं ऐकून घेतलं असतं.

"कागद आहे का?" वन्सं म्हणाल्या.

पट्टीताईला आधी कळलं नाही. मग तिनं पर्स चाचपली. सात नंबर लिहिलेला कागद होता, सहांपुढे खुणा केलेला. तिनं तो उलटा केला.

"लिही. मोठ्या अक्षरात लिही."

तिनं लिहिलं. मला पेनिसिलिन चालत नाही. 'नाही' दोनदा गिरवलं.

"खाली सही कर. तुझी. आणि तुझा फोन नंबर."

तिनं सही केली, नंबर लिहिला. वन्संनी कागद डोळ्यांजवळ धरून शब्द न शब्द वाचला, अंकही एकेक करून वाचले, आणि सुजलेल्या बोटांनी घड्या घालायला घेतल्या. एक, दोन, तीन. चौथ्या घडीला बोटं चालेनात. पट्टीताईनं हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि पाचही घड्या स्वतःच घातल्या.

"आता डॉक्टरांकडून ते कार्ड घे," त्या म्हणाल्या. "नीट करून आण. पण मला बोलावू नकोस तिथे."

"नाही बोलावणार."

"त्या दिवशी मशीन अडकलं ना," वन्सं डोळे मिटून म्हणाल्या, "तेव्हा तू मशीनकडे बघतच नव्हतीस गं. माझ्याकडे बघत होतीस."